३० हजारांत भूतपट करायचाय. भूत कुठलं घेऊ?

वायरमन_कुडाळ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, लिहायला आज बसलो.

धंदा वायरिंगचा. घरांची फिटिंग, विहिरीवरचे पंप, गणपतीत माटवीची लायटिंग. सिनेमाचं शिक्षण काही नाही, पण भुताच्या सिनेमांचं वेड शाळेपासूनचं. रामसेंच्या सीड्या भाड्याने आणून घरचे झोपल्यावर बघायचो. आता फोनवर जपानी, कोरियन, जे मिळेल ते बघतो. यूट्यूबवर शिकवणारे पण पुष्कळ बघितले. त्यांचं सगळं तिकडचं. तळघर, माळा, बर्फ. आमच्याकडे तळघरात पाणी भरेल.

हाताशी काय आहे ते सांगतो. साठवलेले ३० हजार. बरा कॅमेरा असलेला फोन, एक ट्रायपॉड, मावसभावाचा लॅपटॉप. आजोळचं चिऱ्याचं घर, पडवी-माजघर-न्हाणी सगळं शाबूत, माणसं मुंबईला गेल्यामुळे बंद. मागे विहीर, पलीकडे काजूची बाग, मधून गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने पायवाट. आणि एक दोस्त, तो दशावतारात स्त्रीपार्ट करतो. एक नंबर कलाकार.

गोष्ट वीस-पंचवीस मिनिटांची लिहिलीय. मुंबईकर नातू जमीन विकायला येतो, विहिरीतला गिऱ्हा त्याला ओढतो, हडळ पण आहे, शेवटी देवचार येऊन सोडवतो.

अडचणी तीन. गिऱ्हा पाण्यातून वर येताना कसा दाखवू? रात्रीचं शूटिंग फोनवर नुसता चिखल दिसतं, त्याला काय करू? आणि मुख्य म्हणजे ट्रायल म्हणून हडळीचा एक सीन काढला, तो बघून सगळे हसले. माझी आजी तर म्हणाली, "ह्या कोणाचा चेडू रे?" (ही कोणाची पोरगी रे?)

जाणकारांनी सांगावं. कोर्स करायला पुण्या-मुंबईला जाणं जमणार नाही, घरी आई एकटी आहे.

स्पष्टवक्ता

कोर्स जमणार नाही म्हणता, पण एफटीआयआयचे (पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे) छोटे कोर्स पुण्याबाहेरही होतात, चौकशी करा. बाकी ३० हजारांत सिनेमा होत नाही, रील होतं. राग मानू नका.

कानसेन

वायरमन, तू वयाने लहान असावास असं धरून अरे-तुरे करते. मी मुंबईत ध्वनिसंकलन करते. पोटासाठी मालिका, हौसेसाठी भुतं. तुझ्या अडचणी तीन नाहीत, एकच आहे. तू खिसा न बघता भूत निवडलंयस.

एकेक घेऊ. गिऱ्हा पाण्यातला. म्हणजे रात्री विहिरीत माणूस उतरवणं आलं, पाण्यावर उजेड आला, फोन भिजणं आलं, आणि उद्या कुणी पाय घसरून आत गेला तर सिनेमा राहील बाजूला. गिऱ्हा रद्द. हडळ म्हणजे उलटे पाय, मोकळे केस, पांढरं पातळ. हे सगळं आपण इतक्यांदा बघितलंय की केस दिसले की हसूच येतं. तुझ्या आजीचं बरोबर आहे. आणि देवचार तुमच्याकडे गावचा राखणदार. त्याला नारळ देतात, विडी ठेवतात. त्याला सिनेमात हाणामारीला आणलंस तर घाबरणार कोणी नाही, दुखावतील मात्र बरेच जण.

तुझ्या खिशाला परवडणारं भूत एकच, चकवा. त्याला मेकअप नाही, कपडे नाहीत, चेहरा नाही. माणूस ओळखीच्या वाटेने निघतो आणि फिरून फिरून त्याच जागी येतो, बास. पायवाट तुझ्याकडे आहे, विहीर आहे, गडगा आहे. चकव्याला लागतं तेवढं सगळं देवाने तुला फुकट दिलंय आणि तू पाण्यातून रबरी राक्षस काढायला बसलायस.

हे मी उगाच नाही सांगत. १९९९ मध्ये 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' आला. काय आहे त्यात? तीन पोरं रानात वाट चुकतात, दिवसभर एकाच दिशेने चालतात आणि फिरून त्याच ओंडक्यापाशी येतात. चकवाच तो, अमेरिकन. चेटकीण अख्ख्या सिनेमात एकदाही दिसत नाही. मेरीलँडच्या जंगलात आठ दिवसांत मुख्य शूटिंग उरकलं, कॅमेरे नटांच्याच हातात होते. दिग्दर्शक दोघे. ते रोज नटांसाठी डब्यांतून चिठ्ठ्या ठेवायचे, तुझ्या पात्राला आज काय वाटतंय तेवढंच त्यात लिहिलेलं, संवाद ज्याचे त्याने बोलायचे. हे कुणाला जमतं माहितेय? तुझ्या दशावतारी दोस्ताला. कथानक ठाऊक, संवाद आयत्या वेळी रंगमंचावर, ही तर त्याची रोजची भाकरी. त्याला कागद देऊन पाठांतर करायला लावलंस तर चांगला नट तू हाताने मारशील.

आता चकवा पडद्यावर उतरवायचा कसा ते. नातू तिन्हीसांजेला पायवाटेने निघतो. विहिरीपाशी येतो, काठावर कळशी उभी. पुढे जातो. गडगा, काजू, वळण. पुन्हा विहीर. कळशी आता आडवी. तो स्वतःशी हसतो, वाट चुकलो म्हणतो, पुढे जातो. पुन्हा विहीर. कळशी उभी आणि काठोकाठ भरलेली, बाहेरून पाणी ओघळतंय. त्या बंद घरात माणूस राहात नाही हे प्रेक्षकाला तू आधीच सांगून ठेवलंयस. आता कॅमेरा कळशीवरून हलवू नकोस. पाण्यावर तरंग आहेत, म्हणजे आत्ताच कुणी ठेवलीय. एवढ्याचा खर्च किती? कळशी घरातली.

शूटिंग गोष्टीच्या क्रमाने करायचं नाही हे ठाऊक असेलच. विहिरीवरचे तिन्ही प्रसंग एका बैठकीत काढायचे, फक्त नातवाचा शर्ट प्रत्येक वेळी जास्त मळलेला, घाम जास्त. दर शॉटआधी त्याचा फोटो काढून ठेव, नाहीतर मळलेला शर्ट पुढच्या शॉटला स्वच्छ होईल आणि बघणारे तेवढंच बघतील.

आवाजाबद्दल लिहायचंय, पण रात्रपाळी आहे. उद्या लिहिते. तोवर एक काम कर. आज रात्री आजोळच्या पडवीत दहा मिनिटं दिवा बंद करून बस, आणि काय काय ऐकू येतं त्याची यादी कर. बघायचं नाही, ऐकायचं.

स्पष्टवक्ता

चकवा म्हणजे भूत न दाखवताच भूतपट. लोक तीस सेकंदांत पुढे सरकवतील.

वायरमन_कुडाळ

ताई, तुमचं वाचून कळशी घासून ठेवली!

पडवीत बसलो. यादी: रातकिडे (इतके की कान दुखतात), बेडूक, लांब कुठेतरी कुत्रा, मांगरातली कोंबडी खुडखुडते, कौलांवर काहीतरी धावलं (बहुतेक मांजर). मग माडाची सुकी झावळ धाडकन पडली. एकटाच होतो, खोटं का बोला, आत येऊन कडी लावली.

पण दोस्ताचं काय करू? त्याला शब्द दिलाय. चकव्यात स्त्रीपार्ट कुठे बसतो?

रंगपटातला काका

मध्ये तोंड घालतो. आम्ही सांगलीकडे एकांकिकांची रंगभूषा केली, आता हात थरथरतात म्हणून नुसतं ज्ञान पाजतो.

दशावतारी नट स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतो, आरशापुढे तास-दीड तास बसून. ही तुझ्याकडची सगळ्यात महागडी गोष्ट आहे आणि ती तुला फुकट मिळतेय. हडळ करू नकोस त्याची. त्याला रोजच्यासारखा स्त्रीपार्टाचा रंग अर्ध्याच चेहऱ्याला लावायला सांग. डावी बाजू सजलेली, भुवई कोरलेली, डोळ्यांत काजळ, गालावर लाली. उजवी बाजू त्याची स्वतःची, दाढीचे खुंट असलेली. नऊवारीत पाठमोरा बसलेला दिसू दे, पाठीवरून वाटेल बाई. मग एका बाजूने चेहरा दाखव, अजून बाईच. मग तो मान फिरवतो. बास, कट. अर्ध्या सेकंदावर एक फ्रेम जास्त ठेवायची नाही.

रक्त वापरणार असशील तर बाजारातलं तयार आणू नकोस, टोमॅटो सॉससारखं दिसतं. काकवी घे. आधीच काळपट असते, तिला खायचा लाल रंग, चिमूटभर कोको. घट्ट झाली तर कोमट पाणी. फोनवर चाचणी घे, कारण डोळ्यांना बरं दिसणारं लाल कॅमेऱ्यात बऱ्याचदा गुलाबी पडतं, मग कोको वाढव. तिकडचे लोक मक्याचं सिरप घेतात, आपली काकवी त्याहून सरस. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' १९६८ चा, त्यात तर चॉकलेट सिरप आहे, कृष्णधवल सिनेमाला लाल हवंय कशाला? काकवीचा तोटा एकच, मुंग्या. शॉट झाला की लगेच पुसायचं, आणि रक्ताने माखलेला नट कोकणात जमिनीवर फार वेळ झोपवायचा नाही. तोंडात गेलं तर चालेल. कुंकू मिसळू नकोस, ते पोटात जाण्यासारखं नसतं आणि डोळ्यांत गेलं तर आग होते.

कोयता दाखवायचा तर लाकडाचा कर आणि चंदेरी रंग दे. घरातला धारेचा कोयता सेटवर आणायचाच नाही, "फक्त हातात धरतो" म्हटलं तरी नाही.

आणि मुखवटा घ्यायचाच तर सोंगाचा नको, बिनभावाचा घे. 'हॅलोवीन'मधला तो पांढरा चेहरा दुकानातला दोन डॉलरच्या आतला, 'स्टार ट्रेक'च्या कॅप्टन कर्कचा मुखवटा होता. भुवया काढल्या, डोळ्यांची भोकं मोठी केली, पांढरा रंग फवारला.

कानसेन

काका, तो अर्धा चेहरा मी माझ्या नावावर खपवणार होते! वायरमन, हे घे, डोळे मिटून घे. दोस्ताला एक जास्तीचं काम दे. विहिरीवरच्या दुसऱ्या फेरीला तो पाठमोरा लांब, बागेच्या टोकाला, हलत नाही. तिसऱ्या फेरीला तसाच पाठमोरा, पण विहिरीच्या जवळ. चालताना दाखवायचाच नाही.

स्पष्टवक्ते, लोक पुढे सरकवतात ते कंटाळून. मग पहिल्या वीस सेकंदांत चालत्या पायांवर नाव-गाव दाखवू नये, थेट आडव्या कळशीपासून सुरू करावं. भूत न दाखवल्याने कुणी सरकवत नाही.

आता आवाज. तुझी यादी वाचली आणि मला तुझा सिनेमा दिसला. सगळ्यात भीतीदायक ओळ कुठली तर "धाडकन झावळ पडली". ती तुला घाबरवून गेली कारण दिसली नाही. आता हेच उलटं कर. रातकिडे इतके की कान दुखतात ना? ते सबंध सिनेमाभर ठेव. आणि तिसऱ्या फेरीला, भरलेल्या कळशीवर, एकदम बंद. नुसती शांतता. रानातलं प्रत्येक माणूस जाणतं की रातकिडे कोणी जवळ आलं की गप्प होतात.

पण इथे एक तांत्रिक खोच आहे. संवाद रेकॉर्ड करताना मागे खरे रातकिडे असतील तर दोन शॉट जोडताना त्यांचा सूर तुटतो. कान ते लगेच पकडतात, आणि मग सिनेमा 'घरगुती' वाटायला लागतो, कारण काय ते बघणाऱ्याला सांगता येत नाही. उपाय असा: हजार-बाराशेचा वायरवाला कॉलर माइक घे आणि नटाच्या शर्टाच्या आत छातीपाशी चिकटपट्टीने लाव. माइक तोंडाच्या जितका जवळ तितकं मागचं कमी. नाहीतर संवाद फार ठेवूच नकोस, चकव्यात माणूस एकटा असतो, बोलणार कुणाशी? मग प्रत्येक जागी शूटिंग संपलं की सगळ्यांना पुतळे व्हायला सांगून दोन मिनिटं नुसती जागा रेकॉर्ड कर. माजघराची शांतता वेगळी, न्हाणीची वेगळी, विहिरीची तर फारच वेगळी. ती शांतता संकलनात सगळ्या जोडांखाली सलग अंथरायची.

घरात शूटिंग करताना फ्रिज, पंखा, इन्व्हर्टर बंद. फ्रिज बंद केलास की गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेव, म्हणजे तो चालू केल्याशिवाय कुणी घरी जाणार नाही. आमच्या धंद्यातली सगळ्यात जुनी युक्ती आहे आणि मासे वाचवते.

बाकीचे आवाज नंतर घरात करायचे. पावलं वेगळी रेकॉर्ड कर, ओल्या पाचोळ्यावर, चिऱ्यावर, चप्पल घालून, अनवाणी. हाड मोडायचं असेल तर ऊस मोड, माइकच्या अगदी जवळ. शेवग्याची शेंग बोटांच्या हाडांना चालते. पिकलेल्या पपईत हात घाल आणि बाहेर काढ, कसला आवाज आहे ते मी सांगत नाही. आणि संगीत विकत घेऊ नकोस, दुसऱ्याचं उचलू तर अजिबात नकोस, व्हिडिओ उडेल. दोस्ताच्या मंडळात झांज असेल ना? एक चकती वाजव आणि आवाज चालू असतानाच बादलीतल्या पाण्यात हळूहळू बुडव. सूर वाकत खाली जातो. मग लॅपटॉपवर तो आणखी संथ कर. पखवाजाची एकच थाप रेकॉर्ड करून निम्म्या वेगाने वाजव. तुझा सिनेमा तुझ्याच गावच्या वाद्यांनी घाबरवेल आणि हक्कांचा प्रश्न येणार नाही.

उजेडाचं मी सांगण्याची हिंमत करत नाही, तू वायरमन आहेस.

वायरमन_कुडाळ

ताई, उजेडाचंच तर कळत नाही. घरात पुरेसे दिवे लावले की ट्यूबलाइट लावल्यासारखं सपाट दिसतं, कमी केले की चिखल. आणि काही बल्ब फोनमध्ये पट्टे-पट्टे मारतात.

कॅमेरा_उधार

यावर मी बोलतो. पट्टे येतात कारण आपली वीज ५० हर्ट्झची. फोनला मॅन्युअल सेटिंग असलेलं ॲप घाल (ब्लॅकमॅजिकचं फुकट आहे, आयफोनला पण आणि बऱ्याच अँड्रॉइडला पण). फ्रेम रेट २५, शटर १/५०, आणि एक्सपोजर-फोकस-व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक. लॉक केलं नाहीस तर माणूस दारातून आला की अख्खी खोली उजळते-काळवंडते, तेवढ्यावरून कळतं की फोनवर काढलंय. तरीही एखादा स्वस्त बल्ब पट्टे मारतोच, मग तो बाद. डिमरवर तर हमखास. तुझ्याकडे १२ व्होल्टची बॅटरी आणि एलईडी पट्टी असेल ना? डीसीवर थेट चालवलेली पट्टी लुकलुकत नाही, आणि विहिरीपाशी वायर ओढायला नको. ओल्या जागी २३० व्होल्ट न्यायचे नाहीत हे वायरमनला मी काय सांगू.

सपाट दिसतं कारण उजेड तू फोनच्या बाजूने मारतोस. मागून मार. नट मध्ये, पट्टी त्याच्या मागे भिंतीच्या कोपऱ्यात लपवलेली, म्हणजे खांद्याला आणि केसांना कड येते आणि चेहरा अर्धा अंधारात राहतो. तोंडासाठी समोर पांढरा थर्माकोल धर, मागचा उजेड थोडा परत येतो, बास. ISO (फोनची उजेड टिपायची ताकद) वर नेऊन अंधार उजळवायचा नाही, चिखल तिथूनच येतो. अंधाराला अंधार राहू दे. बाहेर असशील तर नारळाच्या सोडणांचा धूर कर, गोठ्यात मच्छरांना करता तसा. मागच्या उजेडात धुराची भिंत दिसते आणि त्यात माणूस सावली होतो. बंद खोलीत नको.

पायवाटेवरचं सगळं रात्री काढूच नकोस. सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटं निळा उजेड असतो, तेवढ्यात काढ. रोज थोडं थोडं. आभाळ फ्रेममध्ये येऊ देऊ नकोस. एक्सपोजर खाली, रंग किंचित निळा, रात्र तयार. कंदील हातात असेल तर आत पिवळा एलईडी घाल, वात नको.

संकलनाला दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते, पण मावसभावाचा लॅपटॉप दमेल. आधी प्रॉक्सी (शॉटच्या हलक्या प्रती) बनव.

गडग्यापलीकडची

मी वेंगुर्ल्याची, सिनेमाचं काही कळत नाही, पण गावाचं कळतं म्हणून लिहितेय.

शूटिंगच्या आधी पोलीस पाटलाला आणि सरपंचांना तोंडी तरी सांगा, लेखी दिलंत तर बरं. रात्री बागेत उजेड फिरताना दिसला की चोर समजून लोक काठ्या घेऊन येतात. आणि सेटवर लिंबू, टाचण्या, काळी बाहुली, अंगारा असलं काही वापरलं तर एकूणएक गोळा करून परत न्या. एक लिंबू विहिरीच्या काठावर राहिला तर सकाळी पाणी भरायला येणारी बाई तो कुणाच्या नावावर घालेल? दोन घरांचं बोलणं बंद होतं असल्या गोष्टींनी. तुमचं शूटिंग होतं हे सांगूनही पटत नाही मग.

देवराईत जायचा विचार असेल तर मानकऱ्यांना विचारल्याशिवाय नको. आमच्याकडे तर गुरवाला सांगून देवाला कौल लावतील. नाही आला तर वाद घालू नका, दुसरी जागा बघा.

स्पष्टवक्ता

कौल लावून भूतपट! हे मात्र आवडलं. सेन्सॉरचं काय पण?

कॅमेरा_उधार

थिएटरात लावायचा तर सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं. यूट्यूबवर टाकायला नाही लागत. नटांकडून मात्र एका कागदावर संमतीची सही घे, दोस्त असला तरी. विशेषतः दोस्त असला तरी.

कानसेन

शेवटचं एक, आणि हे तुला आवडणार नाही. पंचवीस मिनिटं विसर. सात-आठ मिनिटांचं कर.

चकव्याच्या तीन फेऱ्या, अर्धा चेहरा, शेवट. याच्यावर एक मिनिट नको. सॅम रायमी आणि त्याच्या मित्रांनी 'द इव्हिल डेड'च्या आधी 'विदिन द वुड्स' नावाचा छोटा सिनेमा सुपर-८ या हौशी फिल्मवर काढला, साधारण १६०० डॉलरमध्ये, आणि तो दाखवून मोठ्या सिनेमासाठी पैसे जमवले. तुझे हे आठ मिनिटं म्हणजे तुझं तेच. आणि सगळ्या रविवारी सगळे मित्र मिळतील या भरवशावर राहू नकोस. पीटर जॅक्सन वेलिंग्टनच्या वर्तमानपत्रात नोकरी करायचा, सुट्टीच्या दिवशी मित्रांना घेऊन 'बॅड टेस्ट' काढायचा, मुखवटे आईच्या ओव्हनमध्ये भाजायचा. चार वर्षं गेली. एवढा चिवटपणा दर मित्रात नसतो, चौथ्या रविवारी दोन जण लग्नाला जातात. दोन पात्रं आहेत ते बरं आहे, तिसरं वाढवू नकोस.

रामसेंचं तू वाचलं असशील. 'दो गज़ ज़मीन के नीचे' १९७२ चा. बस करून महाबळेश्वरला गेले, घरचेच भाऊ कॅमेऱ्याला, आवाजाला, संकलनाला. त्यांना भुताचा सिनेमा करायची बुद्धी कुठून झाली? आधीच्या पडलेल्या सिनेमात, 'एक नन्ही मुन्नी लडकी थी'मध्ये, पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून चोरी करतात तो एक प्रसंग लोकांना आवडला, एवढ्यावरून. सिनेमा पडला, प्रसंग चालला, त्यांनी प्रसंग धरला. तूही तेच कर. ट्रायल बघून लोक हसले ना? मग त्यांना विचार, अख्ख्या सीनमध्ये कुठल्या क्षणी हसले नाहीत. तो क्षण ठेव, बाकी फेक.

वायरमन_कुडाळ

विचारलं. आजी म्हणते, हडळ यायच्या आधी दार आपोआप उघडलं तेव्हा तिला "कसासाच" झालं. दार आपोआप नव्हतं उघडलं, वाऱ्याने उघडलं आणि मी वैतागून कॅमेरा चालूच ठेवला होता.

ठरवलं असं. गिऱ्हा, देवचार, हडळ रद्द. आठ मिनिटं. नातवाचं काम मावसभाऊ करेल. त्याला चालता येतं, बाकी काही येत नाही, पण चकव्यात तेवढंच लागतं. दोस्ताला अर्ध्या रंगाचं सांगितलं, तो खूश. म्हणतो, उजवी बाजू ठेवू की डावी, देवाची बाजू कुठली ते बघतो. मंडळाचे खेळ जत्रांपासून सुरू होतील, त्याआधी तो मोकळा आहे. गणपती झाले की सुरू करतो, भातकापणीच्या आत संपवायला हवं, नाहीतर गावात कोणाला वेळ नाही. पोलीस पाटील माझे गिऱ्हाईक आहेत, त्यांच्या पंपाची मोटार मीच भरतो.

खर्च: माइक १२००, पट्टी-बॅटरी घरची, काकवी-कोको-रंग दोनशेच्या आत. बाकी सगळं जेवणाला आणि पेट्रोलला. सहा माणसं रात्री जागवायची तर चांगलं खायला घालायला पाहिजे, कोंबडी-वड्यांचं आईने कबूल केलंय. राहिलेले पैसे हार्ड डिस्कला.

एक राहिलं. रात्री वाऱ्यात कॉलर माइक फडफडतो. तो केसाळ कव्हर येतो ना माइकवर घालायचा, तो इथे कुठे मिळेना.

कानसेन

डेडकॅट म्हणतात त्याला. माझ्याकडे एक जास्तीचा आहे, पत्ता खासगी निरोपातून पाठव, कुरिअर करते. तोवर लोकरीच्या मोज्याचं टोक कापून रबरबँडने बांध.

स्पष्टवक्ता

झाला की लिंक टाका. मी रात्री बघणार नाही, दुपारी बघेन.